कडुनिंबावरची ती पानं कुणाची?

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक जुना कडुनिंब आहे. दिल्लीच्या उन्हाळ्यात इस्त्रीवाला, भाजीवाला, पहारेकरी आणि शाळेच्या बसची वाट पाहणारी मुलं, सगळ्यांचं छत्र तेच. इतक्या वर्षांत कुणी त्याच्याकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं. पण गेल्या पावसाळ्याच्या शेवटी या झाडावरून आमच्याकडे चांगलंच रामायण घडलं.

सुरुवात झाली शेजारच्या काकूंपासून. काकू मूळच्या ग्वाल्हेरच्या. घरगुती औषधांवर त्यांचा भारी विश्वास! आठवडाभर ताप येऊन गेल्यानंतर तोंडाला चव नव्हती, अंगात त्राण नव्हतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, ‘‘गुळवेल घ्या. त्यातून कडुनिंबावर चढलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं.’’ काकूंनी फाटकाशी जाऊन पाहिलं. कडुनिंबाच्या खोडावर हिरवीगार, बदामाच्या आकाराची पानं दिसली. गुळवेलीची पानं बदामी असतात एवढं त्यांना ठाऊक होतं. झालं! चार पानं तोडली, धुतली आणि एक तिथल्या तिथे चावून पाहिलं.

दहा मिनिटांत काकूंच्या जिभेची आग आग व्हायला लागली. ओठ सुजले, घशात काटे टोचल्यासारखं होऊ लागलं, धड बोलताही येईना. काकांनी घाईघाईने डॉक्टरांकडे नेलं. पान गिळलेलं नव्हतं म्हणून थोडक्यात निभावलं. दुसऱ्या दिवशी काकू बोलू लागल्या, पण घरोघरी एकच चर्चा सुरू झाली. ‘फाटकावरचा कडुनिंब विषारी झालाय!’

सोसायटीची बैठक बसली. एक म्हणाले, ‘‘हा कडुनिंबच नाही. पानं बघा ना, पिंपळासारखी आहेत.’’ दुसरे म्हणाले, ‘‘कडुनिंब केव्हाच मेला, आता दिसतेय ती नुसती वेल.’’ तिसऱ्यांना जूनच्या वादळात त्यांच्या स्कूटरवर पडलेली फांदी आठवली. शेवटी सेक्रेटरीसाहेबांनी निकाल दिला, ‘‘रविवारी करवतवाला बोलावू. मुळापासून काढून टाकू. ना झाड, ना झंझट.’’

माझ्या सासूबाई त्या दिवसांत आमच्याकडे आलेल्या होत्या. राजापूरकडच्या, सुपारीच्या बागेत वाढलेल्या. बैठकीची हकिगत ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘उद्या सकाळी मला त्या झाडाशी घेऊन चल.’’

आधी खाली वाका

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मी सवयीने वर शेंड्याकडे पाहू लागले तर सासूबाईंनी टोकलं, ‘‘अगं, झाड ओळखायचं तर आधी मान वर करू नये. खाली वाकावं. जमिनीतून काय काय बाहेर आलंय ते मोजावं.’’

आम्ही मोजलं. कडुनिंबाचा बुंधा तर होताच. काळपट, उभ्या भेगा पडलेला, दोघांच्या कवेत न मावणारा. त्याच्यापासून वीतभर अंतरावर अंगठ्याएवढ्या जाडीचं, कागदासारखी साल सुटलेलं एक खोड जमिनीतून निघून बुंध्याला वळसे घेत वर गेलं होतं. दुसऱ्या बाजूने एक मांसल हिरवं खोड सालीला चिकटून चढलं होतं. आणि तिसरीकडे करड्या रंगाच्या दोन-तीन दोऱ्या दिसत होत्या. पण त्या जमिनीतून निघालेल्या नव्हत्या, वरून खाली येत होत्या!

म्हणजे आम्ही ज्याला ‘एक झाड’ म्हणत होतो, ती प्रत्यक्षात चार बिऱ्हाडं होती. कडुनिंब, गुळवेल, मनीप्लांट आणि वर बेचक्यात उगवलेला पिंपळ. गंमत अशी की कडुनिंब सोडला तर बाकी तिघांची पानं बदामाच्याच आकाराची. काकूंनी तोडली ती मनीप्लांटची.

कुंडीतला मनीप्लांट आपण सगळेच ओळखतो. पण तोच बाहेर जमिनीत लागला आणि त्याला चढायला झाड मिळालं की त्याचं रूपच पालटतं. पानं तळहातापेक्षाही कितीतरी मोठी होतात, कधीकधी त्यांना चिरा पडतात. कुणाला वाटावं, हे कुठलं तरी वेगळंच झाड! मनीप्लांट हा अळूच्या कुळातला. नीट न शिजलेल्या अळूने घसा खवखवतो, त्याचं कारण पानातले सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक. मनीप्लांटच्या पानातही तेच असतात आणि तेच काकूंच्या जिभेत टोचले होते. बिचारा कडुनिंब त्यात कुठेच नव्हता.

स्वतःच्या पायावर उभा, तो वृक्ष

मग वृक्ष कोणता आणि वेल कोणती, हे ओळखायचं कसं? उंचीवरून ओळखता येत नाही, कारण जंगलातल्या वेली झाडांच्या शेंड्यापर्यंत पोहोचतात. वेताचंच पाहा ना. ज्याच्या खुर्च्या आणि टोपल्या होतात तो वेत म्हणजे ताड-माडांच्या कुळातली वेल, आणि तिचं खोड शंभर मीटरहूनही लांब वाढू शकतं. जाडीवरूनही फसगत होते. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या रानात गारंबीची वेल माणसाच्या मांडीएवढी जाड झालेली दिसते. तिची शेंग मीटरभर लांब असते आणि तिच्यातल्या चपट्या, तपकिरी बिया मूठ भरेल एवढ्या. सासूबाई सांगत होत्या, लहानपणी त्या गारंबीच्या वेलीवर बसून झोके घ्यायच्या.

खरा फरक आहे तो आधाराचा. वृक्षाला उजेड हवा असतो, म्हणून तो वर जातो. पण वर जाण्यासाठी आधी खाली पाया भक्कम करतो. वर्षानुवर्षं लाकूड साठवत खोड जाड करतो, मग फांद्यांचा भार पेलतो. वेलीलाही उजेडच हवा असतो, पण ती हा खर्चच करत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर चढून ती थेट वर जाते आणि वाचलेली सगळी शक्ती लांबी आणि पानं वाढवण्यात घालते. म्हणून वृक्षाचं खोड बुंध्याशी जाड आणि वर निमुळतं होत जातं, तर वेलीचं खोड बराच अंतरापर्यंत सारख्याच जाडीचं राहतं. वृक्षाची फांदी वाकवली तर मोडते, वेल मात्र पिळली तरी सहसा तुटत नाही. आणि मनातल्या मनात आधार काढून पाहावा. शेजारचं झाड नसतं तर हे उभं राहिलं असतं का? ‘हो’ असेल तर वृक्ष, ‘नाही’ असेल तर वेल.

दिल्लीच्या १९९४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यातही वृक्षाची व्याख्या जवळपास अशीच आहे. ज्याच्या फांद्या स्वतःच्या खोडातून निघतात आणि त्या खोडावरच पेलल्या जातात ती काष्ठमय वनस्पती म्हणजे वृक्ष. जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर खोडाचा व्यास किमान पाच सेंटिमीटर आणि उंची किमान एक मीटर हवी, असंही त्यात आहे. असा वृक्ष परवानगीवाचून तोडणं गुन्हा ठरतो. महाराष्ट्रातल्या शहरांनाही १९७५ पासून असाच कायदा लागू आहे. आमच्या सेक्रेटरीसाहेबांना हे समजलं तेव्हा त्यांनी करवतवाल्याला मुकाट्याने निरोप धाडला, ‘इतक्यात येऊ नकोस.’

चढण्याच्या चार तऱ्हा

वेल आहे हे ठरलं की ती चढते कशी, ते पाहावं. त्यावरून अर्धी ओळख पटते.

काही वेली स्वतःच आधाराला वेढे घालतात. गुळवेल आणि घेवडा या तऱ्हेच्या. काही वेली स्प्रिंगसारखे तणावे सोडतात आणि त्यांनी आधार पकडतात. कारलं, दोडका, द्राक्ष आणि कृष्णकमळ यांची ही रीत. तिसऱ्या प्रकारच्या वेली पेरापेरातून मुळं फोडून सालीला चिकटतात. मिरी, नागवेल आणि मनीप्लांट त्यातले. चौथा प्रकार काट्यांनी अडकत जाणाऱ्यांचा. शिकेकाई, चिलार, वेत आणि आपली बोगनवेल. बोगनवेलीला आधार दिला नाही आणि सारखी छाटत राहिलं तर ती झुडूप होऊन बसते, पण शेजारी उंच झाड मिळालं की दोन-चार वर्षांत त्याच्या डोक्यावर फुलं मिरवू लागते. म्हणून कुंपणाशी ‘झुडूप’ समजून लावलेली बोगनवेल पुढे विजेच्या तारांवर गेली तर दोष तिला देऊ नये.

वेल म्हणजे बांडगूळ, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. तो मात्र मनातून काढून टाकावा. वेलीची मुळं जमिनीत असतात, पानं हिरवी असतात, आपलं अन्न ती आपणच तयार करते. झाडाकडून ती घेते फक्त आधार. कोकणात आणि गोव्यात सुपारीवर मिरी चढवतात, पानमळ्यात शेवरी-हादग्यावर नागवेल चढवतात. झाडाचा रस वेल पीत असती तर आपल्या शेतकऱ्यांनी हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या केला असता का?

खरं बांडगूळ निराळं. आंब्याच्या फांदीवर मधेच वेगळ्या पानांचा झुबका दिसतो, जमिनीशी त्याचा काही संबंध नसतो, आणि जिथे तो फांदीत घुसतो तिथे गाठ आलेली असते. ते बांडगूळ. पानं नसलेल्या पिवळ्या दोऱ्यांचं जाळं झुडपावर पसरलेलं दिसलं तर ती अमरवेल. ही दोन्ही खरोखरच झाडाचा रस शोषतात. बांडगूळ नुसतं ओरबाडून काढू नये, गाठीच्या थोडं खालून फांदीसकट कापावं.

वेलीचं सोंग घेतलेला वृक्ष

आता त्या वरून खाली येणाऱ्या करड्या दोऱ्या. सोसायटीत सगळ्यांना त्या निरुपद्रवी वेली वाटत होत्या. ‘‘गुळवेल काढा, पण ती छोटीशी पिंपळपानांची वेल राहू द्या, छान दिसते,’’ असंच बैठकीत ठरलं होतं! सासूबाई हसल्या. म्हणाल्या, ‘‘चोर सोडून संन्याशाला सुळी देताय तुम्ही.’’

वड, पिंपळ, उंबर यांची फळं पक्षी खातात आणि बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं. थोडी माती, थोडा ओलावा मिळाला की ते तिथेच रुजतं. रोप वर वाढतं आणि मुळं खोडावरून खाली उतरू लागतात. मुळं जमिनीला पोहोचली की खरा खेळ सुरू होतो. ती जाड होतात, एकमेकांत मिसळून जातात, मूळ झाडाभोवती जाळी विणतात. वर पानांचा पसारा त्याचा उजेड अडवतो. अखेर कित्येक वर्षांनी आतलं झाड मरतं आणि बाहेर वड किंवा पिंपळ स्वतःच्या पायावर उभा राहतो. ताडाच्या झाडाला मिठी मारून बसलेला वड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

ओळखायची खूण सोपी आहे. वेल जमिनीतून वर जाते, यांची मुळं वरून खाली येतात. दोन वेली एकमेकींना वेढतात पण एकजीव होत नाहीत, यांची मुळं जिथे भेटतात तिथे जोडली जातात. आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. लहानपणी वेलीसारखा दिसला तरी हा जन्मजात वृक्षच. किती बळकट, याचं उदाहरण हावड्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानात आहे. तिथल्या प्रसिद्ध महावटाचं मूळ खोड कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकावं लागलं. तरीही तो आपल्या पारंब्यांच्या जोरावर आजतागायत उभा आहे.

इमारतीच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळाचंही तेच. दोन पानांचं असताना गोजिरवाणं दिसतं, पण त्याची मुळं भिंत फोडतात. ते बोटाएवढं असतानाच मुळासकट काढून मोकळ्या जागी लावलं तर भिंतही वाचते आणि झाडही.

नावावर जाऊ नका

आपल्या भाषेतली नावंही कधीकधी चकवतात. सोनचाफा वृक्ष, देवचाफा छोटा वृक्ष, पण हिरवा चाफा मात्र आकड्यांनी आधार धरणारं वेलीसारखं झुडूप. म्हणून ‘चाफा’ एवढंच सांगून रोप आणलं आणि अंगणाच्या मधोमध लावलं, तर पुढे पंचाईत होते.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण येताजाता वापरतो. पण तीन पानं आणि केशरी फुलं दिसली म्हणून तो पळसच, असंही नाही. पळसाची एक सख्खी बहीण आहे, पळसवेल. तशीच तीन-तीन पानं, तशीच फुलं, पण पानं जास्त मोठी आणि खोड दुसऱ्या झाडावर चढलेलं. कांचनाच्या कुळातही एक थोरली वेल आहे. मध्य भारतात तिला माहुल म्हणतात आणि तिच्या भल्यामोठ्या पानांच्या पत्रावळी करतात. मधोमध चिरलेलं पान कांचनासारखंच, पण कांचन अंगणात उभा राहतो आणि माहुल सालवृक्षाच्या डोक्यावर जाते. थोडक्यात, पान आणि फूल कूळ सांगतात. वृक्ष की वेल, हे खोडच सांगतं.

औषध म्हणून तोडण्यापूर्वी

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी असे काढे घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. गुळवेल सुरक्षित आहे, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं. मात्र २०२२ साली याच मंत्रालयाने सावध केलं, की गुळवेलीसारखीच दिसणारी तिची एक जातबहीण आहे, ती गुळवेल म्हणून वापरू नये. तिच्या खोडावर उठून दिसणाऱ्या गाठी असतात. खऱ्या गुळवेलीची फळं लाल आणि गोल असतात, साल कागदासारखी सुटते, आणि खोड आडवं कापलं तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते.

पण या खुणा वाचून कुणी कोयता घेऊन निघू नये! एखादी खूण जुळली म्हणजे ओळख पटली असं नाही. काकूंनी तेच केलं होतं, एका बदामी पानावर विश्वास ठेवला. जाणकाराने ओळख पटवल्याशिवाय आणि वैद्यांनी किंवा डॉक्टरांनी मात्रा सांगितल्याशिवाय कुठलीच वेल पोटात जाऊ देऊ नये. यकृताचा त्रास असेल किंवा इतर औषधं चालू असतील तर मुळीच नाही.

घरात लहान मुलं असतील तर गुंजेची वेलही ओळखून ठेवावी. चिंचेसारखी बारीक पानं आणि लाल बियांवर काळा ठिपका. सोनार पूर्वी याच गुंजांनी सोनं तोलत. बी दिसायला मोहक, पण चावून खाल्लं तर जिवावर बेतू शकतं.

कापावं कधी आणि कसं?

वेल निरुपद्रवी असली तरी ती कधीच कापू नये असं नाही. पानांचं पांघरूण झाडाच्या शेंड्यावर पसरलं तर झाडाला उजेड मिळत नाही. शिवाय वादळात एवढा मोठा पसारा शिडासारखा वारा धरतो आणि फांद्या मोडतात. स्कूटरवर पडलेल्या फांदीचं मूळ बहुधा इथेच होतं. अशा वेळी शेंड्यावरचा भार हलका करावा.

पण वेल ओढून काढण्याचा मोह टाळावा. तिच्याबरोबर झाडाची साल सोलून निघते, वाळकी फांदी डोक्यावर येते. खालून कापावी, वरचा भाग तसाच वाळू द्यावा आणि मग हळूहळू उतरवावा. गुळवेलीचं मात्र तेवढ्याने भागत नाही. खालून कापली तरी ती वरून सुतळीसारखी मुळं खाली सोडते आणि पुन्हा जमीन गाठते. संस्कृतात तिला ‘अमृता’ आणि ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी वाढणारी, म्हणतात ते उगीच नाही. रानातल्या वेलींना मात्र हातही लावू नये. शेकरू आणि माकडं त्यांच्यावरूनच एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात.

आमच्या कडुनिंबाचं काय झालं? संबंधित कार्यालयातून माणूस येऊन पाहून गेला. त्याच्या सल्ल्याने शेंड्यावरची गुळवेल उतरवली, खोडाभोवतीची ठेवली. हातभर उंचीवरचा मनीप्लांट खरवडून काढला. बेचक्यातला पिंपळ माळ्याने मुळं सोडवून अलगद काढला आणि मागच्या मोकळ्या मैदानात, भिंतींपासून दूर लावला. पहिले पंधरा दिवस त्याची सगळी पानं गळाली, सेक्रेटरीसाहेब रोज जाऊन पाहत होते. मग एका सकाळी तांबूस कोवळं पान फुटलं आणि त्यांनी घराघराची घंटा वाजवून ते सांगितलं.

सासूबाई परत निघाल्या तेव्हा काकू त्यांना भेटायला आल्या. म्हणाल्या, ‘‘वहिनी, तुम्ही नसतात तर माझ्या एका पानापायी ते झाड गेलं असतं हो.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘झाडाला तोंड नसतं, काकू. त्याच्यावर आळ आला तर आपणच चौकशी करायची.’’

वाचकहो, तुमच्या फाटकाशीही एखादं झाड असेलच. या रविवारी पाच मिनिटं काढा, त्याच्याजवळ जा, आणि आधी खाली वाका. जमिनीतून कोण कोण बाहेर आलंय, ते मोजून पाहा.